लांब सीटचा तिसरा स्क्रू

माझ्या हातून बाहेर पडलेल्या गाडीत आवाज होत नाही. असं मी म्हणत नाही, जव्हारच्या स्टँडवरचे जीपवाले म्हणतात, आणि ते एरवी कुणाबद्दल बरं बोलत नाहीत. तीस वर्षं मी गाड्यांच्या सीटा शिवतोय. लोक मला कासम सीटवाला म्हणतात. स्वभाव तापट आहे, गिऱ्हाइकाला आधी दोन शब्द सुनावतो आणि मग कामाला लागतो, पण केलेलं काम परत येत नाही. ही घमेंड मला कुठे घेऊन गेली ते सांगतो.

ती व्हॅन मोखाड्यात एका घरामागे तीन वर्षं उभी होती. अठरा वर्षांची, तेरा सीटांची. मी बघायला गेलो तेव्हा मागच्या सीटखाली कोंबडी खुडूक बसली होती, मला बघून उठलीसुद्धा नाही. इंजिन, ब्रेक, चाकं माझ्या भाच्याने, शोएबने, नीट केली. तो मिस्त्री आहे आणि माझ्यासारखा बडबड्या नाही. आतलं सगळं मी केलं. चार महिने लागले. खाली दुहेरी प्लाय, त्यावर जाड मॅट. उंच पाठीच्या सीटा, मरून रेक्झिन, कडेने पांढरी पायपिंग. छताला आतून गादी, कारण आमच्या रस्त्यांवर पाठीआधी डोकं आपटतं. हाताला लागेल असं लोखंड कुठे उघडं ठेवलं नाही. दांड्या होत्या त्या काही काढून टाकल्या, काही फोममध्ये गुंडाळल्या. पडदे अमीरबीने शिवले. ती माझी बायको. ‘घरच्या खिडकीला पडदा मागून दहा वर्षं झाली,’ असं ती प्रत्येक पडदा शिवताना म्हणाली.

घ्यायला आला वांगणीचा दिपेश. सहा वर्षं ठाण्यात टेम्पो चालवून गावी परतलेला, कमी बोलणारा. त्याला रोज वांगणी-जव्हार फेरी मारायची होती, पण गाडी घ्यायचं खरं कारण त्याने दुसऱ्या भेटीत सांगितलं. मागच्या खेपेला त्याच्या बायकोला, हर्षदाला, कळा सुरू झाल्या तेव्हा जीप आली नाही. घोंगडीची झोळी करून तिला डांबरी रस्त्यापर्यंत आणलं. तोवर मूल गेलं होतं. आता तिला पुन्हा आठवा महिना होता.

‘मागं एक लांब सीट पायजे, चाचा,’ तो म्हणाला. ‘बाई आडवी झोपंल अशी.’

मी ती सीट साडेपाच फूट लांब केली. फोम चार इंची. तिच्यावर मी स्वतः दोन दुपारी झोपून बघितलं, आणि दोन्ही दुपारी मला झोप लागली. येईल त्याला मी सांगायचो, पलंगावर झोपल्यासारखं वाटतं.

गणपती नुकतेच उठले होते. शुक्रवारी दुपारी साडेबाराला ते गाडी न्यायला आले. दिपेश, हर्षदा, दिपेशची आई काळी आणि गावातल्या पाच-सहा बायका. सकाळी पाऊस पडून गेला होता, दुकानापुढे नुसता राडा. मी आंघोळ करून जुम्म्याचे पांढरे कपडे चढवून तयार होतो. चावी द्यायची आणि मशिदीत जायचं, एवढंच बाकी होतं.

काळीबाय सरळ आत चढली, मागे गेली आणि लांब सीटवर दणकन बसली. मग डावीकडे सरकली, उजवीकडे सरकली.

‘कासमभाय, ही हालतं रे,’ ती म्हणाली.

बाहेर दोन जीपवाले उभे होते. ते हसले. माझं डोकं फिरलं. सीट हलत होती, केसभर, पण हलत होती, आणि ते त्या दोघांनी ऐकलं होतं.

आता माझी कामाची पद्धत सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. गाडीच्या तळात भोक पाडायचं तर आधी मी बॅटरी घेऊन गाडीखाली उताणा झोपतो. नळ्या आणि वायरी कुठून गेल्यात ते बघतो, मोकळ्या जागी खालून हातोडी ठोकतो, आणि वर बसलेली अमीरबी आवाजावर खडूने खूण करते. खुणेवरच ड्रिल लावायचं. तीस वर्षांत एकदाही मी हे चुकवलं नव्हतं.

मी अडीच इंची स्क्रूंचा डबा उघडला तेव्हा अमीरबी दारात उभी होती. ‘खाली नाही जात?’ तिने विचारलं.

‘हे कपडे दिसत नाहीत का तुला?’ मी म्हणालो.

चार स्क्रू मारले. दोन मिनिटांचं काम. तिसरा जरा अडला आणि मग एकदम आत गेला. काळीबाय पुन्हा बसली, उड्या मारल्यागत हलून बघितलं आणि म्हणाली, ‘आता नाय हालत.’ मी जीपवाल्यांकडे बघितलं. ते आता हसत नव्हते.

निघताना तिने मला त्यांच्याकडची रीत सांगितली. गावात नवी गाडी यायची तर शिवेवर, वाघदेवापाशी, सगळ्यांनी खाली उतरायचं. भगत नारळ फोडणार. तिथून गावापर्यंत माणसं पुढे चालत जाणार आणि गाडी त्यांच्या मागून येणार, रिकामी. ‘पहिल्या दिशी गाडीनं मानसाच्या मागं चालायचा,’ ती म्हणाली. ‘मंग ती जन्मभर ऐकतं.’ मला मजा वाटली. हर्षदा खिडकीपाशी बसली होती. पडदा बाजूला करून तिने मला हात केला.

मशिदीत मी मागच्या रांगेत उभा राहिलो. कपड्यांवर एक डाग नव्हता. पहिल्या सजद्यात कपाळ चटईला टेकलं आणि माझ्या उजव्या हाताला तो तिसरा स्क्रू आठवला. डोक्याला नाही, हाताला. लाकडात स्क्रू जाताना कसा जातो, पत्र्यात कसा जातो, हे हाताला माहीत असतं. हा आधी अडला होता आणि मग पोकळीत शिरला होता. गाडीच्या तळात त्या जागी पोकळ असं एकच काही असतं.

जीव वाचवायचा असेल तर नमाज मध्येच सोडता येते. हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. मी सोडली नाही. खात्री नाही ना अजून, असं स्वतःला सांगत राहिलो. खरं म्हणजे खात्री करून घ्यायची मला भीती वाटत होती. ती सात-आठ मिनिटं मी अजून स्वतःला माफ केलेली नाहीत.

दुकानापुढे आलो तर अमीरबी गाडी उभी होती त्या जागी वाकून बघत होती. चिखलात एक सपाट दगड होता आणि त्यावर हाताच्या पंजाएवढा तेलाचा डाग होता. मी बोट टेकवून चोळलं, वास घेतला. डिझेल नव्हतं. इंजिनचं तेलही नव्हतं.

‘ब्रेकचं आहे,’ मी म्हणालो.

दिपेशचा फोन लागेना. त्या बाजूला फोन लागतच नाही. शोएब मोखाड्याला कामावर होता, त्याचा लागला.

‘मामू, नळी लांब सीटच्या बरोबर खालून जाते,’ तो म्हणाला. ‘स्क्रू भोकात बसलाय तोवर थेंब थेंब गळेल. ब्रेक दाबला की जास्त. जितके ब्रेक दाबतील तितकं तेल जाईल.’

‘किती वेळ चालेल?’

‘उतार किती आहेत त्यावर,’ शोएब म्हणाला, आणि मग म्हणाला, ‘मामू, तू निघ.’

मी स्कूटर काढली. ते जाऊन तास होत आला होता. जव्हारच्या बाहेर पडल्यावर रस्ता एका डोंगरावरून उतरतो आणि दुसऱ्यावर चढतो, चढ दिसला की मला बरं वाटायचं आणि उतार लागला की शोएबचं बोलणं आठवायचं. प्रत्येक वळणावर मी आधी दरीत बघायचो आणि मग रस्त्याकडे. दोनदा स्कूटर खडीवरून घसरता घसरता राहिली. खाली भातखाचरं हिरवीगार होती आणि त्यात कुठे मरून रंग दिसतो का, हे मी शोधत होतो. अल्लाला मी नुसतं एवढंच म्हणत होतो की चूक माझी आहे, तिथे मी नाही, दुसरीच माणसं आहेत.

दाभोशाच्या फाट्यावर एक बाई काकड्या घेऊन बसली होती. तिला विचारलं.

‘पडद्यांची गाडी ना? मघाशीच गेली. काकड्या घेतल्या त्यांनी,’ ती म्हणाली. ‘लय सुंदर गाडी.’

गाडी थांबली होती तिथे डांबरावर पाच-सहा काळपट थेंब होते. म्हणजे अजून गळतच होती, आणि अजून तेल शिल्लकही होतं. मी थेंबांकडे बघत उभा राहिलो तेव्हा मला वाघदेव आठवला. शिवेवर सगळे उतरणार. पुढचा मोठा उतार सुरू व्हायच्या आधी गाडी रिकामी होणार. मला एकदम हायसं वाटलं, इतकं की मी त्या बाईला उगाच हसून दाखवलं.

स्कूटर सुरू केली आणि शंभर पावलांवर मला उरलेली रीत आठवली. माणसं पुढे चालणार. गाडी त्यांच्या मागून. उतारावर.

तिथून शिवेपर्यंतचा रस्ता मला आठवत नाही. वाघदेवाचा लाकडी खांब दिसला, त्याला ताजा शेंदूर होता. खाली नारळाच्या करवंट्या, उदबत्तीचा धूर. माणूस एकही नव्हता. मी कठड्यापाशी धावलो. खाली दुसऱ्या वळणावर ते चालले होते. तीस-चाळीस माणसं, गावातून भेटायला आलेलीही त्यांच्यात मिसळली होती. बायका गात होत्या. सगळ्यात मागे हर्षदा, एक हात कमरेवर ठेवून, हळूहळू. तिच्यामागे दहा पावलांवर माझी गाडी, पडदे हलत होते.

मी ओरडलो. दिपेशचं नाव घेऊन ओरडलो, हर्षदाचं घेऊन ओरडलो. गाण्यात कुणाला ऐकू जाणार?

गाडी जराशी पुढे आली. मग आणखी पुढे आली. हर्षदाने मागे वळून बघितलं. ती थांबली, तिला काही कळलं नव्हतं, तिला वाटलं असेल नवरा चेष्टा करतोय. त्याच वेळी गाडी झटकन डोंगराकडे वळली आणि चराच्या आत नाक खुपसून तिरकी होऊन थांबली. आवाज माझ्यापर्यंत उशिरा आला.

मी खाली पोचलो तेव्हा दिपेश बाहेर आला होता. ओठ फुटला होता, बाकी काही नव्हतं. हर्षदा दगडावर बसली होती, दोन्ही हात पोटावर. तिला धक्काही लागला नव्हता. मी स्कूटरला धरून उभा राहिलो.

‘चाचा, तू कसा काय आला?’ दिपेशने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता म्हणाला, ‘पाय दाबला तर खालीच गेला. पुढच्या चाकांनी जरा धरला म्हनून वळवता आला. माझाच पाय चुकला असंल. तुझी गाडी खराब केली मी.’

काळीबायने माझ्या हातावर प्रसादाचा खोबऱ्याचा तुकडा ठेवला. तिने आत डोकावून बघितलं होतं. ‘एवढी आपटली,’ ती म्हणाली, ‘पन सीट हालली नाय बग.’

खरं सांगतो, मला तिथेच गप्प राहायचं होतं. सगळे वाचले होते. उद्या शोएबला पाठवून नळी गुपचूप बदलता आली असती. चाळीस माणसं होती, मी एकटा होतो, आणि मारतील याची भीती वाटत होती. मी मनात घरी निघालोही होतो.

मग भगत बोलला. बुधा त्याचं नाव, म्हातारा, काठी टेकत पुढे आला. ‘पोटुशी बाई देवाच्या वाटंवर चालवू नका, मी म्हनलो होतो,’ तो म्हणाला. कुणीतरी मान हलवली. मग आणखी दोघा-तिघांनी हलवली. काळीबाय सुनेकडे बघायला लागली, आणि तिचा चेहरा माझ्या डोळ्यांदेखत बदलला.

‘मागचा पोर पन असाच गेला,’ ती म्हणाली. ‘आता ही या गाडीत नाय बसायची. बाकीच्यांनी बसा.’

दिपेश काहीतरी म्हणाला, पण हळू. हर्षदा दगडावरून उठली आणि गाडीपासून दोन पावलं लांब जाऊन उभी राहिली. मला पुढचा महिना दिसला. गाडी दारात उभी, आणि हिला पुन्हा झोळीतून नेताहेत.

मी चरात उतरलो. चिखल घोट्याच्या वर होता. त्या चिखलात मी उताणा झोपलो आणि सरपटत गाडीखाली गेलो. सदऱ्यातून पाठीला गार पाणी लागलं. बॅटरी लागलीच नाही, गाडी तिरकी होती, उजेड आत येत होता. तिसऱ्या स्क्रूचं टोक ब्रेकच्या नळीतून आरपार बाहेर आलं होतं. टोकाला थेंब होता.

‘दिपेश,’ मी हाक मारली. ‘इकडे ये. माझ्या शेजारी झोप. वर बघ.’

तो आला. आम्ही दोघं खांद्याला खांदा लावून पडलो होतो. त्याने बोट वर नेऊन टोकाला लावलं. थेंब त्याच्या बोटावर आला.

‘हा कुनाचा?’

‘माझा. आज मारला तो. खाली बघायला आलो नाही, कपडे खराब होतील म्हणून.’

त्याने तो थेंब अंगठ्याने चोळला.

‘ती दहा पावलं पुढं होती, चाचा,’ तो म्हणाला.

बाहेर येऊन त्याने सगळ्यांना सांगितलं, त्यांच्या घरच्या बोलीत, थोड्याच शब्दांत. मला कुणी हात लावला नाही. बुधा भगत खाली वाकला, काठीने चिखल बाजूला करून बघायचा प्रयत्न केला आणि सरळ झाला. काळीबाय माझ्यापाशी आली. खोबऱ्याचा तुकडा अजून माझ्या मुठीत होता, चिखलाने भरलेला. तिने माझी मूठ उघडली आणि तो काढून घेतला. मला तीस वर्षांत इतकी लाज वाटली नव्हती.

मी दिपेशला म्हणालो, गाडी परत घेतो. तो म्हणाला, मला गाडी पायजे. पुढच्या महिन्यात पायजे. ‘नीट कर. आनि मंग तू येयाचा. ती झोपनार तठं तू झोपायचा, वाघदेवापासून खालपर्यंत. मी चालवीन.’

दुसऱ्या दिवशी सकाळी शोएब आणि मी गेलो. गाडी ओढून वर वाघदेवापाशी आणली, नळी नवी टाकली, चारही स्क्रू काढले आणि खालून ठोकून, खुणा करून दुसऱ्या जागी आखूड मारले. शोएबने सपाटीवर गाडी दहा वेळा पळवून दहा वेळा थांबवली. माझं समाधान झालं नाही. अकराव्यांदा थांबव म्हणालो तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलं आणि चावी दिपेशला दिली.

गाव वळणावळणावर उभं होतं. आज गाडीच्या पुढे कुणी नव्हतं. मी मागे जाऊन लांब सीटवर आडवा झालो, डोकं खिडकीकडे, हर्षदा झोपेल तसा. गाडी निघाली.

पहिल्या वळणावर मी सीटवरून घसरलो. धरायला हात पसरला तर हाताला फोम लागला. दुसरीकडे पसरला, तिथेही फोम. डोक्यावर गादी, बाजूला गादी, रेक्झिन गुळगुळीत. उतार वाढला, छत हलत होतं, बाहेर काय चाललंय ते दिसत नव्हतं, पडदे मीच लावले होते. ब्रेक लागला की धरतोय की नाही हे कळायच्या आधी एक क्षण जायचा, आणि त्या क्षणात मी मेलो होतो. एवढ्या मऊ गाडीत मला धरायला काही नव्हतं. कळा येणाऱ्या बाईने इथे काय धरायचं, हा विचार मी चार महिन्यांत एकदा केला नव्हता.

गाडी दिपेशच्या अंगणात थांबली. मी उठून बसलो तेव्हा माझा सदरा घामाने भिजला होता. हर्षदा दारात उभी होती. ती गाडीपाशी आली आणि आत बघून तिने विचारलं, ‘कसा वाटला, चाचा?’

पलंगावर झोपल्यासारखं, हे माझं ठरलेलं वाक्य. ते तोंडात आलं नाही.

‘भीती वाटली,’ मी म्हणालो. ‘धरायला काही नाही.’

‘मला पन काल तोच वाटलेला,’ ती म्हणाली. ‘सांगनार होती. पन तू एवढा खूश होता.’ मग तिने हात आत घालून सीटच्या वरच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. ‘अठं लोखंडाचा कडा लाव. मंग मी बसतां.’

काळीबाय ओट्यावर बसून ऐकत होती. ती नाही म्हणाली नाही.

शोएबच्या पेटीत एक जाड कडी निघाली. ड्रिल त्याने माझ्या हातात दिलं. कडी वर लावायची होती, गाडीच्या बाजूच्या पत्र्याला, तिथे नळी नाही, वायर नाही, हे मला माहीत होतं, शोएबला माहीत होतं, दिपेशलाही सांगितलं असतं तर पटलं असतं. मी ड्रिल खाली ठेवलं, सगळ्यांच्या समोर अंगणातल्या चिखलात उताणा झोपलो आणि आधी गाडीखाली गेलो.